वीज खरंच पोचली का? संघर्षग्रस्त देशातल्या परकीय मदतीच्या वीजप्रकल्पांवर देखरेख ठेवायची कशी

काबूलच्या वेशीवर तारखेल इथं एक डिझेल वीजकेंद्र आहे. क्षमता १०५ मेगावॅट, खर्च सुमारे ३३.५ कोटी डॉलर, पैसा अमेरिकेचा. केंद्र बांधून झालं, यंत्रं चालली, कागदोपत्री काम पूर्ण झालं. पुढे अमेरिकी तपासनिसांनी निर्मितीचे आकडे काढले तेव्हा दिसलं, की २०१४-१५ मध्ये हे केंद्र आपल्या क्षमतेच्या १ टक्क्याहूनही कमी वीज काबूलला देत होतं. यंत्रं बिघडली होती म्हणून नाही. डिझेलची वीज परवडत नव्हती आणि उझबेकिस्तानातून तारेवाटे येणारी वीज कितीतरी स्वस्त पडत होती. हा हिशेब कंत्राट देण्याच्या दिवशीही मांडता आला असता.

संघर्षग्रस्त देशातल्या प्रकल्पांवर देखरेख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी भ्रष्टाचार येतो. तो असतोच, आणि तो पकडलाच पाहिजे. पण अफगाणिस्तानातले वीस वर्षांचे अहवाल वाचले की दुसरीच गोष्ट जास्त टोचते. मनोरे उभे आहेत, बिलं चुकती झाली आहेत, आणि वीज नाही, असे प्रकल्प त्यात पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून देखरेख करणाऱ्याने पैशाच्या टोकापासून सुरुवात करू नये, घरातल्या मीटरपासून करावी आणि तिथून मागे मागे जावं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाच्या आहेत.

हा लेख मी तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहितो आहे: परदेशी प्रकल्पांवर सल्लागार किंवा तपासनीस म्हणून जाणारे आपले अभियंते आणि लेखापाल, मदतसंस्थांत काम करणारी मंडळी, आणि आपल्या करातून बाहेरदेशी गेलेल्या पैशाचं काय झालं हे विचारू पाहणारा साधा नागरिक. तिसऱ्याला विसरू नका. हेरात प्रांतातलं ४२ मेगावॅटचं सलमा धरण भारताच्या पैशातून झालं, काम वॅपकॉस या भारताच्या सरकारी कंपनीने केलं, खर्च १,७०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. पुल-ए-खुमरी ते काबूल ही २२० केव्हीची (किलोव्होल्ट) वीजवाहिनी पॉवरग्रिड या आपल्याच सरकारी कंपनीने हिंदुकुश ओलांडून नेली. म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे.

पायरी १: एका कागदावर सगळी तार काढा

अफगाणिस्तान आपल्या विजेपैकी बराच मोठा हिस्सा उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि इराण या चार शेजाऱ्यांकडून विकत घेतो. देशात एकसंध ग्रिड नाही. उत्तर-पूर्वेची यंत्रणा काबूलला पोसते, दक्षिणेची यंत्रणा काजकी धरणापासून हेलमंद आणि कंदाहारला. पश्चिमेला हेरात बराचसा इराण-तुर्कमेनिस्तानवर उभा आहे. ही विभागणी समजल्याशिवाय एकाही प्रकल्पाची फाइल उघडू नये.

मग कोऱ्या कागदावर एक रेघ ओढा. एका टोकाला वीज तयार होते ती जागा, दुसऱ्या टोकाला घरातला मीटर. मधे निर्मिती केंद्र, उच्चदाब वाहिनी, मोठं उपकेंद्र, मधला फीडर, डीपी, लघुदाब तार, सर्व्हिस वायर. प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहा: कोण बांधतंय, कुणाच्या पैशातून, कधी पूर्ण होणार, आणि पूर्ण झाल्यावर मालकी कुणाची. जिथे लिहायला काही नसेल तिथे लाल गोल करा.

हे प्राथमिक वाटेल. पण काबूलच्या उत्तरेला सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या एका पारेषण टप्प्याची तपासणी अमेरिकी सरकारच्या अफगाणिस्तान पुनर्बांधणीविषयक विशेष महानिरीक्षकांच्या कार्यालयाने, म्हणजे सीगारने, केली आणि मार्च २०१८ मध्ये अहवाल दिला. मनोरे होते, तारा होत्या, उपकेंद्रं होती. त्यांना वीजस्रोताशी कायमस्वरूपी जोडण्याची तजवीज मात्र कंत्राटात नव्हती. पूर्ण चाचणीही झालेली नव्हती. वर सांगितलेला कागद कुणी काढला असता तर तो लाल गोल पहिल्याच दिवशी दिसला असता.

एक सूचना. हा नकाशा देणगीदाराच्या कार्यालयात बसून काढू नका. स्थानिक वीज कंपनीच्या पारेषण विभागात जा. अफगाणिस्तानात ही कंपनी म्हणजे दा अफगाणिस्तान ब्रेश्ना शेर्कत, सगळे तिला ब्रेश्ना म्हणतात. तिथला जुना लाइनमन कुठली तार कुठे तुटलेली आहे ते तोंडपाठ सांगतो.

पायरी २: चालवायचा खर्च आधी, बांधायचा नंतर

तुमचा देणगीदार बांधकामाचे पैसे देतो. पुढची तीस वर्षं इंधन, पगार आणि दुरुस्ती कोण देणार? हा प्रश्न मंजुरीच्या कागदात एका परिच्छेदात गुंडाळलेला असतो. तो परिच्छेद शोधा आणि त्याखाली स्वतः गणित मांडा.

गणित अवघड नाही. एक लिटर डिझेलमधून साधारण साडेतीन ते चार युनिट वीज निघते. १० मेगावॅटचा डिझेल संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालवला तर २ लाख ४० हजार युनिट होतात, म्हणजे रोज ६० हजार लिटरच्या वर डिझेल लागतं. २० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज तीन-चार टँकर. कंदाहारला असे १० मेगावॅटचे दोन डिझेल प्रकल्प अमेरिकेने बसवले आणि त्यांना तात्पुरता पूल म्हटलं, काजकीची वीज येईपर्यंतचा. इंधनाचं अनुदान २०१५ मध्ये थांबलं, तेव्हा काजकीचा तिसरा संच अजून बसायचा होता. पूल मधेच संपला.

तपासनिसाने इथे लिखित स्वरूपात तीन आकडे मागावेत: प्रतियुनिट एकूण उत्पादनखर्च, त्या भागातला प्रत्यक्ष वीजदर, आणि या दोघांतला फरक कोणत्या अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली येणार. तिसरा आकडा मिळाला नाही तर तसं अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

केंद्र चालू झाल्यावर वर्षाकाठी भारांक काढा. मेगावॅट गुणिले ८,७६० तास म्हणजे कमाल शक्य वीज. तारखेलसाठी ही सुमारे ९२ कोटी युनिट होते. प्रत्यक्ष किती निघाली ते भागा, टक्केवारी मिळते. एखादं केंद्र केवळ आणीबाणीसाठी राखून ठेवलेलं असेल तर कमी टक्केवारी चालेल, पण मग मंजुरीच्या वेळीच तसं लिहिलेलं हवं आणि खर्च त्या हिशेबाने ठरलेला हवा. बांधून झाल्यावर उद्देश बदलणं तपासनिसाने मान्य करू नये. शिवाय रोज चालण्यासाठी बनवलेली इंजिनं वरचेवर चालू-बंद केली की लवकर झिजतात. तो खर्च कुणीच धरलेला नसतो.

पायरी ३: पैशाची वाट

परकीय पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट देणगीदाराकडून थेट कंत्राटदाराकडे जाते, यजमान सरकारच्या तिजोरीला बगल देऊन. दुसरी यजमान सरकारच्या अर्थसंकल्पातून. शिवाय जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक चालवते ते सामायिक निधी असतात. अनेक देश त्यात पैसे टाकतात आणि मग कुणाचा रुपया कुठे गेला हे वेगळं सांगता येत नाही. सामायिक निधीत पैसा टाकण्यापूर्वीच कागदपत्रं पाहण्याचा आणि जागेवर जाण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा लागतो. नंतर तो मिळत नाही.

कंत्राटाच्या फाइलीत काय असलं पाहिजे ते आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतं: निविदा, तुलनात्मक तक्ता, वर्क ऑर्डर, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, रनिंग बिलं, वाढीव कामाचे आदेश, बँक हमी, विमा, चाचणी अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. यातलं काय नाही हे आधी लिहा. कंदाहारच्या शोरंदाम औद्योगिक वसाहतीवर ७८ लाख डॉलर खर्च झाले होते. सीगारचे लोक २०१४ मध्ये तपासायला गेले तर कंत्राटाचे कागदच धड मिळेनात आणि जागेवर वीज नव्हती, त्यामुळे पूर्ण तपासणीच होऊ शकली नाही. कागद हरवले हाच तिथला मोठा निष्कर्ष ठरला. तुमच्या प्रकल्पावर असं होऊ द्यायचं नसेल तर दर तिमाहीला प्रत्येक फाइलीची स्कॅन प्रत देशाबाहेरच्या सर्व्हरवर ठेवण्याची अट घाला. लढाईत कार्यालयं जळतात आणि रिकामी होतात.

मुख्य कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार असतो, त्याखाली आणखी एक, आणि तळाशी गावातला माणूस चार मजूर घेऊन खड्डा खणत असतो. प्रत्येक थरावर पैसे झिरपतात. म्हणून सगळ्यात खालच्या माणसाला भेटा आणि त्याला खड्ड्यामागे किती मिळाले ते विचारा. तो आकडा आणि मुख्य कंत्राटातला दर शेजारी-शेजारी लिहिले की अहवालाचं अर्धं काम होतं. त्याचं नाव मात्र लिहू नका.

पायरी ४: जमीन, मार्ग आणि माणसं

वाहिनीखालच्या जमिनीचा प्रश्न अभियंते महसूल खात्यावर सोडतात आणि तिथेच प्रकल्प अडकतो. आपल्याकडे २२० केव्ही वाहिनीसाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा धरतात. काबूलच्या उत्तरेच्या त्याच टप्प्यात तारांखाली लोक राहत होते, शेती करत होते, आणि सरकारने जमिनीचा मोबदला दिलेला नव्हता. अशा वाहिनीत वीज सोडली तर माणसं मरू शकतात. म्हणून मोबदल्याची यादी मागा, तिच्यातली काही नावं आपल्या मनाने निवडा आणि त्या शेतात जा. पैसे मिळाले का हे शेतकऱ्यालाच विचारा, तेही गावच्या मुखियाच्या गैरहजेरीत.

मार्ग कुठून जाणार हा तर सरळ राजकारणाचा विषय. तुर्कमेनिस्तानातून येणाऱ्या ५०० केव्ही वाहिनीसाठी एका जर्मन सल्लागार कंपनीने २०१३ च्या आराखड्यात बामियानमार्गे जाण्याची शिफारस केली होती. सरकारने पुढे सालंग खिंडीचा मार्ग धरला. बामियान हा हजारा समाजाचा प्रदेश, पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला. लोक रस्त्यावर उतरले. २३ जुलै २०१६ रोजी काबूलच्या देहमझंग चौकात त्यांच्या मोर्चावर आत्मघाती हल्ला झाला आणि ८० हून अधिक माणसं मारली गेली. हल्ला करणारे दहशतवादी होते, त्याचा दोष वाहिनीच्या आखणीवर टाकता येणार नाही. पण एखाद्या समाजाला वीज कुणी दिली आणि कुणी नाकारली हा हिशेब तिथे किती खोल असतो, ते या घटनेवरून कळावं. मार्ग बदलला असेल तर बदलाचं तांत्रिक कारण, खर्चातला फरक आणि बाधित लोकांशी झालेल्या बैठकींची इतिवृत्तं हे तिन्ही कागद मागा. तोंडी उत्तर घेऊ नका.

मनोऱ्याच्या प्रत्येक जागेचा सुरुंगमुक्तीचा दाखला हासुद्धा याच पायरीवर तपासायचा. त्यावाचून स्वतःही पाऊल टाकू नका.

पायरी ५: जिथे जाता येत नाही तिथे पाहायचं कसं

सीगारने २०१३ मध्ये नकाशे काढून दाखवलं, की पुढच्या वर्षअखेरीस अमेरिकी नागरी तपासनिसांना देशाच्या जेमतेम २१ टक्के भूभागावर पोचता येईल. बाकीच्या भागात प्रकल्प चालू होतेच.

काजकीचं उदाहरण घ्या. धरण १९५३ चं, वीजघर १९७५ चं, १६.५ मेगावॅटचे दोन संच, मधे तिसऱ्याची रिकामी जागा. २००८ च्या उन्हाळ्याअखेर ब्रिटिश सैन्याने हजारो सैनिकांच्या बंदोबस्तात शंभरेक वाहनांचा ताफा नेऊन १८.५ मेगावॅटच्या तिसऱ्या संचाचे सुटे भाग धरणावर पोचवले. मोठं साहस होतं ते. पण संच बसवायला लागणारं शेकडो टन सिमेंट-खडी त्याच रस्त्याने पुन्हा आणता आली नाही, कारण ताफा गेला आणि रस्ता पुन्हा बंद झाला. कंत्राटदार निघून गेला. खोकी आवारात पडून राहिली. संच फिरला २०१६ मध्ये. देखरेख करणाऱ्याने यातून एक प्रश्न कायमचा घ्यावा: यंत्र पोचवण्यासाठी रस्ता एक दिवस उघडा लागतो, बांधकामासाठी वर्षभर आणि दुरुस्तीसाठी कायम. यातल्या कशाची हमी आहे?

स्वतः जाता येत नसेल तर तीन साधनं आहेत आणि तिन्ही एकत्र वापरायची. पहिलं, उपग्रह छायाचित्रं. मनोऱ्याचा पाया खणला, मनोरा उभा राहिला, उपकेंद्राला छप्पर आलं एवढं त्यात दिसतं. तारेत वीज आहे का हे दिसत नाही. त्यासाठी रात्रीच्या प्रकाशाची छायाचित्रं पाहा, पण सावधपणे, कारण दिवा जनरेटरवरही लागतो.

दुसरं, जागेचे अक्षांश-रेखांश असलेले फोटो. इथे फसवणूक फार होते आणि निष्काळजीपणा त्याहून जास्त. २०१५ मध्ये सीगारने अफगाण आरोग्यकेंद्रांच्या यादीतले अक्षांश-रेखांश तपासले. काही ठिकाणं पाकिस्तानात निघाली, काही ताजिकिस्तानात, एक तर भूमध्य समुद्रात. तेव्हा यादी हाती आली की पहिल्याच दिवशी सगळे आकडे नकाशावर टाका. फोटोत यंत्राची नामपट्टी वाचता आली पाहिजे: उत्पादकाचा अनुक्रमांक, वर्ष, क्षमता. तोच अनुक्रमांक कारखान्याच्या चाचणी दाखल्यावर आणि जकातीच्या कागदावर आहे का ते जुळवा. एकच रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तीन गावांच्या अहवालांत दाखवलेलं असेल तर ते इथेच सापडतं.

तिसरं साधन म्हणजे स्थानिक माणसं: तिथल्या नागरी संस्था, विद्यापीठातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, निवृत्त वीज कर्मचारी. ते तुमच्यासाठी जीव धोक्यात घालतात, म्हणून नियम आधी ठरवा. प्रश्नावली स्थानिक भाषेत आणि साध्या कागदावर. फोनमध्ये फोटो साठवून तपासनाक्यावरून जायचं नाही. धोका वाटला तर परत फिरायचं, आणि परत फिरल्याबद्दल पैसे कापायचे नाहीत. अहवालात त्यांची ओळख पटेल असा एकही तपशील नको. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या विनंतीवरून सीगारला आपले काही जुने अहवाल संकेतस्थळावरून तात्पुरते उतरवावे लागले, कारण त्यांतल्या तपशिलांवरून माणसं शोधली जाण्याची भीती होती. आज प्रसिद्ध केलेला कागद दहा वर्षांनी कुणाच्या हातात असेल हे आपल्याला ठरवता येत नाही.

पायरी ६: जागेवर गेल्यावर

आधी बॅटरी रूममध्ये जा, नियंत्रणकक्षात नंतर. पाहुण्यांना नियंत्रणकक्षात नेतात, चहा देतात, लाल-हिरवे दिवे दाखवतात. उपकेंद्राची खरी तब्येत बॅटरी रूममध्ये कळते. वाहिनीवर दोष आला की ब्रेकर उघडायला, म्हणजे प्रवाह तोडायला, वीज लागते ती याच बॅटऱ्यांची. ११० व्होल्टच्या संचात साधारण ५५ सेल असतात. प्रत्येक सेलला मीटर लावा, २ व्होल्टच्या खाली किती आहेत ते मोजा. टोकांवर पांढरी भुकटी साचली आहे का, पाण्याची पातळी खुणेच्या खाली गेली आहे का, डिस्टिल्ड वॉटरचा डबा खोलीत आहे का, शेवटची नोंद कुठल्या महिन्याची आहे. बॅटरी मेलेली असेल तर दोषाच्या वेळी ब्रेकर उघडत नाही आणि लाखो डॉलरचं रोहित्र जळून जातं. सगळ्यात स्वस्त देखभाल ही, आणि पहिल्यांदा सुटते तीही हीच.

मग रोहित्राकडे. ब्रीदरमधली, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतला ओलावा टिपणाऱ्या डबीतली, सिलिका जेल निळी आहे की गुलाबी? गुलाबी म्हणजे ओलावा शोषून संपली, बदललेली नाही. तेलाची पातळी पाहा, तळाशी तेल गळल्याचे डाग पाहा, अर्थिंगच्या पट्ट्या जागेवर आहेत का पाहा. तांबं चोरीला जातं, त्यामुळे कागदावर तांबं आणि जमिनीत गंजलेलं लोखंड असा प्रकार असू शकतो. शक्य तिथे उकरून पाहा.

मनोऱ्यांवर खालच्या दहा फुटांतले अँगल आणि बोल्ट मोजा, कारण तेच चोरीला जातात. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी-नोंदवही मागा आणि तिच्यातल्या ओतकामाच्या तारखा सुरक्षारक्षकांच्या नोंदवहीशी जुळवा. गोळीबारामुळे साइट बंद होती त्या आठवड्यात पाया भरल्याची नोंद सापडली, तर त्या पायाचा गाभा काढून तपासायला सांगा. ही पडताळणी फार कमी लोक करतात. ती जरूर करा, कारण दोन्ही वह्या लिहिणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांचं आपसात ठरलेलं नसतं.

शेवटी लॉगबुक. दर तासाचं वाचन एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, सलग पंधरा दिवस असेल तर ते एका बैठकीत भरलेलं आहे.

पायरी ७: मीटर आणि वसुली

आपल्याकडे महावितरणच्या बातम्यांत गळती आणि थकबाकी हे शब्द रोज येतात, त्यामुळे मराठी वाचकाला ही पायरी सोपी जाईल. फीडरवर १०० युनिट आत गेली, ७० ची बिलं निघाली, त्यातल्या ६० टक्क्यांचे पैसे आले. म्हणजे १०० पैकी ४२ युनिटांची किंमत वसूल झाली. देणगीदाराने दिलेल्या नव्या वाहिनीतून आणखी १०० युनिट आत सोडली तर कंपनीचा तोटा वाढतो. वसुली सुधारल्याशिवाय वीज वाढवणं धोक्याचं ठरतं, हे देणगीदारांना पटवायला फार त्रास पडतो.

ब्रेश्नाला व्यावसायिक शिस्त लावण्यासाठी बराच पैसा ओतला गेला. काबूलमध्ये वसुली सुधारलीही, आणि ते श्रेय त्या लोकांना दिलं पाहिजे. पण २०१३ च्या अहवालात सीगारला कंदाहारसाठी घेतलेलं १ कोटी २८ लाख डॉलरचं वितरण साहित्य वापराविना पडलेलं आढळलं. ते कोण बसवणार याचा स्पष्ट आराखडाच नव्हता. म्हणून गोदाम तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण समजू नका. जे खरेदी झालं, जे गोदामात आहे आणि जे खांबावर आहे, या तीन याद्या जुळल्या पाहिजेत.

संघर्षाच्या भागात आणखी एक खाचखळगा असतो. हेलमंदमध्ये काजकीची वाहिनी तालिबानच्या ताब्यातल्या गावांतून जात होती आणि तिथे विजेचे पैसे तालिबानच गोळा करत होते. अशा ठिकाणी फीडरनिहाय हिशेब मांडा आणि कुठल्या फीडरचा पैसा कंपनीकडे येत नाही ते उघड लिहा. गावकऱ्यांना दोषी धरू नका. बंदूकधाऱ्याला बिल देणाऱ्या माणसाकडे दुसरा पर्याय नसतो.

पायरी ८: हस्तांतर

दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या दोन महिने आधी पूर्ण तपासणी करा, सुरक्षा ठेव सोडण्यापूर्वी. सुटे भाग मोजून घ्या. यंत्रांच्या पुस्तिका दरी आणि पश्तो या तिथल्या भाषांत आहेत का पाहा. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी आज कामावर कितीजण आहेत ते हजेरीपटावर तपासा, कारण चांगला शिकलेला तंत्रज्ञ लवकर दुबईला किंवा एखाद्या परदेशी संस्थेत जातो. २०२१ मध्ये सीगारने सुमारे ७८० कोटी डॉलरच्या मालमत्तांचा आढावा मांडला. त्यांपैकी ठरलेल्या कामासाठी वापरात होत्या सुमारे १२० कोटींच्या, आणि नीट निगा राखलेल्या होत्या फक्त ३४ कोटींच्या आसपास. सगळ्याच वीजप्रकल्प नव्हत्या, पण दुखणं तेच.

पायरी ९: अहवाल लिहिणं आणि मागे लागणं

जाडजूड अहवालापेक्षा एका मुद्द्याचं दोन पानी पत्र जास्त काम करतं. सीगारने ही पद्धत छान वापरली: एक प्रश्न, त्याचा पुरावा, उत्तरासाठी मुदत, आणि मग पत्र व उत्तर दोन्ही प्रसिद्ध. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार पदाचं नाव आणि तारीख हवी. "संबंधितांनी लक्ष घालावे" असं लिहिलं की कुणीच लक्ष घालत नाही.

आणि घरी बसलेल्या नागरिकाने? भारताच्या पैशातल्या प्रकल्पांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि काम केलेल्या सरकारी कंपनीकडे करता येतो. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन काही माहिती नाकारली जाऊ शकते, म्हणून राजनैतिक पत्रव्यवहार मागू नका. मूळ आणि सुधारित मंजूर खर्च, पूर्णत्वाचा दाखला, दोषदायित्व कालावधीतल्या तक्रारी आणि हस्तांतराचा करार एवढंच मागा. आपल्या खासदाराकडून संसदेत लेखी प्रश्नही विचारून घेता येतो. त्याचं उत्तर कायमचं नोंदीत राहतं.

पुनर्तपासणीची तारीख पहिल्या अहवालातच लिहून टाका, आणि ती जानेवारीतली ठेवा. जानेवारी २०१६ मध्ये उत्तरेकडच्या बघलान प्रांतात मनोरे पाडले गेले आणि ऐन थंडीत काबूलची आयात वीज तुटली. मागणी शिखरावर असते तीही याच दिवसांत. उन्हाळ्यातल्या दुपारी सगळीच उपकेंद्रं चांगली दिसतात. तेव्हा जानेवारीत, संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान, वाहिनीच्या शेवटच्या डीपीवर व्होल्टेज मोजा, तिथल्या चार-पाच घरांची मागच्या तीन महिन्यांची बिलं पाहा आणि ती मीटरच्या आकड्याशी जुळवा. जुळली नाहीत तर पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि त्या घराकडून मागे चालत या.